दुपारी मान टाकणारा गुलाब

चैत्र सरत आला की बारामती-इंदापूरच्या अंगणांत आणि गच्च्यांवर तेच चित्र दिसू लागते. सकाळी टवटवीत असलेला गुलाब दोनच्या सुमारास मान टाकतो. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, कळ्या उमलण्याआधीच वाळतात, जास्वंदीची पाने पिवळी पडून गळतात. यावर घरोघरी तीन ठरलेले उपाय आहेत. आधी पाणी वाढवायचे. त्याने भागले नाही तर खताची चिमूट टाकायची. तरीही झाड उठले नाही तर कृषी सेवा केंद्रातून एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक आणून दोन्ही एकत्र फवारायची. एवढे करून झाड मेले की ‘यंदा ऊनच फार होते’ असे म्हणून विषय मिटतो. या निकालाला माझी हरकत आहे. ऊन कडक असते यात वाद नाही. पण या दोन तालुक्यांत उन्हाळ्यात आजारी पडणाऱ्या फुलझाडांपैकी पुष्कळांचे दुखणे मुळाशी असते, ते पाण्यातून आलेल्या क्षारांचे असते आणि वरचे तिन्ही उपाय त्यात भरच घालतात. हिवाळ्यात हेच दुखणे झाड निभावून नेते; वैशाखात ते उघडे पडते, इतकेच.

पहिला आक्षेप अर्थातच उन्हाच्या बाजूने येईल. पारा चाळिशीच्या आसपास गेल्यावर कुठले झाड तग धरणार? याचे उत्तर त्याच अंगणात फुललेले असते. मोगऱ्याचा बहर ऐन उन्हाळ्यातला. बोगनवेल याच दिवसांत पानांपेक्षा रंगाने जास्त भरते, पांढरा चाफा पाने येण्याआधी फुलतो, गलांडा आणि सदाफुली रस्त्याकडेच्या मुरमातही तोंड वर करून असतात, आणि बहावा-गुलमोहराला तर मे महिन्याखेरीज शोभा नाही. झाड उन्हात स्वतःला थंड ठेवते ते पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सोडून. मूळ जोवर हे पाणी पुरवते, तोवर पान तापत नाही. पुरवठा खुंटला की रंध्रे मिटतात, पान तापते, करपते. म्हणजे उन्हात पान करपले ही घटना वर दिसली, तरी तिचे कारण बहुतेक वेळा खाली शोधावे लागते. उन्हाने थेट भाजणे हाही प्रकार आहे, नाही असे नाही. रोपवाटिकेच्या शेडनेटखाली वाढलेले रोप मे महिन्यात आणून एकदम गच्चीवर ठेवले, की आठवडाभरात त्याच्या पश्चिमेकडच्या पानांवर मधोमध कागदासारखे पांढुरके चट्टे पडतात. पण हा भाजल्याचा डाग ओळखता येतो: तो उन्हाकडच्या बाजूलाच पडतो, पानाच्या कडेला न पडता उघड्या भागावर पडतो आणि नव्याने येणारी पाने त्यातून सुटतात. शेवंतीला मे महिन्यात फूल नाही म्हणून हळहळणेही व्यर्थ. ती लहान दिवसांत फुलणारी जात आहे. या दिवसांत तिने फक्त जगायचे असते. गुलाबाचे फूल लहान येणे, लवकर उमलणे, लाल रंग फिका पडणे हेदेखील उष्म्याचे परिणाम आहेत, आजार नव्हेत.

मग मुळाचा पुरवठा कशाने खुंटतो? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फोडीतले पाणी जास्त मिठाच्या बाजूला ओढले जाते. मुळाभोवतीच्या ओलाव्यात क्षार वाढले, की मुळाची गत त्या फोडीसारखी होऊ लागते. अगदी उलटे पाणी वाहायला लागले नाही, तरी जमिनीतले पाणी आत ओढायला झाडाला जास्त जोर लावावा लागतो. थंडीत मागणी कमी असते तेव्हा हा जोर पुरतो. वैशाखातल्या दुपारी मागणी कितीतरी पटींनी वाढते तेव्हा तो पुरत नाही, आणि माती ओली असूनही झाड तहानेने मान टाकते. पाहणारा मान पाहतो, ओली माती पाहत नाही, आणि आणखी एक तांब्या ओततो. त्या तांब्यातही क्षार असतातच.

हे दुखणे या भागाला नवे नाही. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहता झाला, भाटघरच्या धरणाचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या काळ्या रानांत पोचले आणि ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षे उलटतात न उलटतात तोच कालव्याखालच्या सखल रानांत पांढरे फुलोरे दिसू लागले. उत्तम काळी जमीन खारावू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे तेव्हाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे एक पुस्तिका प्रसिद्ध केली. या दुखण्याचे गणित आजही तेच आहे: वरून भरपूर पाणी, खालून निचरा नाही, त्यामुळे जमिनीतल्या पाण्याची पातळी वर चढते, ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येते, उन्हाने उडून जाते आणि बरोबर आणलेले क्षार मागे ठेवून जाते. पाणी उडते, मीठ उडत नाही. अशा बिघडलेल्या जमिनीसाठीचा ‘चोपण’ हा शब्द इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. मात्र शेतात तो जे ओळखतो, ते घराच्या पायरीवरच्या कुंडीत ओळखत नाही याचे नवल वाटते. कारण बशीत ठेवलेली कुंडी हे नीरा खोऱ्याचेच लहानसे रूप आहे. तळ बंद, पाणी रोज, ऊन कडक.

आकडे मांडून पाहू. समजा, बोअरच्या पाण्यात दर लिटरला एक ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. घट्ट काळ्या खडकातल्या बोअरला हा आकडा काही अचाट नाही. उन्हाळ्यात एका मोठ्या कुंडीला रोज दोन लिटर पाणी घातले आणि खालच्या बशीतून एक थेंबही बाहेर जाऊ दिला नाही, तर नव्वद दिवसांत त्या कुंडीत १८० ग्रॅम क्षार साठतात. वाटीभर मीठ म्हणा ना. यातला काही भाग चुन्याच्या रूपाने मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर होऊन बसतो, तो मुळाला थेट चटका देत नाही. पण उरलेला भाग मुळांभोवतीच असतो. वाटीभर मीठ कोणी मुद्दाम कुंडीत टाकणार नाही, हप्त्याहप्त्याने मात्र सगळेच टाकतात. त्यात आणखी दोन नव्या सवयींची भर पडली आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे सांडपाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालतात. हेतू चांगला, परिणाम वाईट: एक भाग गोड पाणी काढताना दोन भाग बाहेर टाकणारे यंत्र असेल, तर त्या टाकाऊ पाण्यात मूळच्या दीडपट क्षार असतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणीही तसेच आटून दाट झालेले. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ पावसासारखे मऊ असते, आणि तेच बहुतेक घरांत भिंतीवरून वाहून वाया जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्षानुवर्षे लोक उन्हाळ्यात भरपूर पाणी घालत आले आणि झाडे जगली, त्याचे काय? जगली, कारण सगळे रान सारखे नाही. बारामती तालुक्याचा सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा हलक्या, मुरमाड जमिनीचा आहे. तिथे जमिनीत लावलेल्या गुलाबाला घातलेले पाणी क्षारांसकट खाली झिरपते. तिथल्या झाडाची तहान बहुधा खरीच तहान असते आणि थोडे थोडे, पण वरचेवर पाणी हाच तिचा इलाज. कालव्याखालच्या माळेगाव, पणदरे, सणसर, लासुर्णे या बागायती पट्ट्यातल्या खोल काळ्या जमिनीत तोच उपाय केला, तर मुळे चिखलात गुदमरतात. तिथे पाणी देण्याआधी वाफशाची वाट पाहावी लागते. शिवाय पाणीही वर्षभर एक नसते. कालव्याचे आवर्तन सुरू असताना विहिरींना मऊ पाण्याचा पाझर असतो. आवर्तन बंद झाले, विहिरी तळाला गेल्या आणि घराने बोअरची मोटार सुरू केली, की नळ तोच राहतो पण पाणी बदलते. पुष्कळ घरांत गुलाबाची तब्येत नेमकी याच सुमारास का बिघडते, याचा उलगडा उन्हाच्या आकड्यांत शोधण्यापेक्षा आवर्तनाच्या तारखांत शोधून पाहावा. म्हणून ‘उन्हाळ्यात गुलाबाला किती पाणी घालावे’ या प्रश्नाला तालुकाभराचे एक उत्तर नाही. ज्या पुस्तकात ते एका ओळीत दिलेले असेल, ते पुस्तक मिटून ठेवावे.

आता निदान. सर्वांत भरवशाचे उपकरण फुकट आहे: पहाटेची वेळ. दुपारी दोनला मान टाकलेले झाड पाहून काहीही ठरवू नये. तेच झाड सूर्योदयाला पाहावे. पहाटे ते ताठ उभे असेल, तर दुपारचे कोमेजणे ही मागणी-पुरवठ्याची तात्पुरती तूट होती. सावली द्या, पाणी वाढवू नका. पहाटेही मान खाली असेल, तर कुंडीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर झाड खरोखर तहानलेले आहे. माती ओली आणि झाड मात्र सुकलेले, हा योग दिसला की मुळाचे दुखणे नक्की समजावे, आणि त्या क्षणापासून झारी दूर ठेवावी. झाड लहान असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढून पाहता येतो. पांढरी, कणखर मुळे म्हणजे अजून आशा आहे; तपकिरी, बुळबुळीत, साल हातात येणारी, आंबूस वासाची मुळे म्हणजे पाणथळपणाने कुजलेली. मुळे कुजलेली नसून फक्त टोके जळल्यासारखी काळी पडलेली दिसली, तर संशय क्षारांवर धरावा.

पाने दुसरा पुरावा देतात, पण कुठल्या पानावर काय दिसते हे नीट वाचले तरच. जुन्या, खालच्या पानांच्या कडा आणि टोके आधी करपत असतील, तर ती क्षारांची खूण. झाड नको असलेले क्षार पाण्याबरोबर ओढते आणि पाण्याचा प्रवास पानाच्या कडेला संपतो. कोवळी, शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर तो लोहाचा तुटवडा. उसावर असे पिवळेपण आले की इथे त्याला केवडा पडला म्हणतात. गंमत अशी की मातीत लोह नसते असे नाही; काळ्या जमिनीत ते भरपूर असते. चुनखडीची जमीन आणि जड पाण्यातले बायकार्बोनेट यांमुळे मातीचा सामू वाढतो आणि लोह अविद्राव्य होऊन बसते. कोठार भरलेले, किल्ली हरवलेली. उलट खालची जुनी पाने सगळीच फिकट पिवळी पडत असतील, तर नत्राची कमतरता किंवा सततचा ओलावा यांचा विचार करावा. आता या तिन्ही लक्षणांवर लोक एकच चिमूट युरिया टाकतात. पहिल्या दोन्हींत तो निरुपयोगी, पहिल्यात तर घातकच, कारण विरघळलेले रासायनिक खतही मुळाभोवती मिठासारखेच वागते. अलीकडे एप्सम मिठाची फॅशन आली आहे. मॅग्नेशियमचा तुटवडा असल्याशिवाय ते घालणे म्हणजे खारट आमटीत वरून मीठ.

तिसरा आक्षेप फवारणीवाल्यांचा: कीड आणि बुरशी काय कल्पना आहेत? नाहीत, पण ऋतू पाहून बोलावे. गुलाबावरचा काळा ठिपका रुजायला पान सलग काही तास ओले राहावे लागते. वैशाखातल्या कोरड्या हवेत तो आपणहून क्वचितच येतो, आणि आला तर रोज संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडणाऱ्याच्या घरी येतो. भुरी सौम्य हवेत, कोरडे दिवस आणि गार रात्री असताना फोफावते. पस्तिशीच्या पुढच्या उष्म्यात ती मंदावते. म्हणून मे महिन्यात पानांवर पांढरी भुकटी दिसली, की भुरीचे औषध आणण्याआधी पानावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. डाग फेसाळून विरघळला तर तो जड पाण्याच्या शिडकाव्याने बसलेला चुना आहे. त्यावर गंधक फवारले तर रोग बरा होणार नाही, कारण रोगच नाही. कडक उन्हात गंधकाने पान भाजेल ते वेगळेच. उन्हाळ्याचा खरा शत्रू लाल कोळी. पानाच्या वरच्या बाजूला बारीक पिवळसर ठिपके, खालच्या बाजूला धुळीने भरलेले विरळ जाळे. पांढऱ्या कागदावर पान झटकले आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले, की निदान पक्के. तिशीच्या तापमानात कोळ्याची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठवड्यात होते, आणि पाण्याच्या ताणाखालचे, धुळकट झाड त्याला मानवते. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे. नेहमीच्या कीटकनाशकाने तो मरत नाही, त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात, आणि फवारणीनंतर कोळी दुप्पट जोमाने येतो. त्याच्यावर पहिला उपाय म्हणजे सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड. पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळीत बारीक, लांबट किडे असतील तर ते फुलकिडे. अशा कळ्या खुडून नष्ट कराव्यात. पिठ्या ढेकणाचा पत्ता मुंग्यांची रांग सांगते. या सगळ्यांना औषध आहे, पण दुबळ्या मुळावर उभ्या असलेल्या झाडाला नुसते औषध पुरत नाही.

ताण आणि रोग हे वेगळे ठेवायला हवेत, याची साक्ष बारामतीतच आहे. उष्णता, दुष्काळ, क्षार अशा निर्जीव कारणांनी पिकांवर येणाऱ्या ताणांसाठी म्हणून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये माळेगावला उभी राहिली. रोगाला मारायचे असते. ताण मारता येत नाही, हलका करावा लागतो. क्षारांचा ताण हलका करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे धुऊन काढणे, आणि इथे चौथा आक्षेप हमखास येतो: आधी म्हणता पाणी वाढवू नका, आता म्हणता पाण्याने धुवा! विसंगती वरवरची आहे. रोजचे थोडे जास्त पाणी क्षार आणून ठेवते. एकदाच दिलेले पुष्कळ पाणी, खाली वाट मोकळी असेल तर, क्षार घेऊन जाते. बशी काढून टाकावी, तळाचे भोक काडीने मोकळे करावे, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी आणि मिळेल तितके मऊ पाणी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट हळूहळू ओतावे. सोळा लिटरची कुंडी असेल तर तीस-बत्तीस लिटर. उन्हाळ्यात एवढे पाणी चैनीचे वाटेल. म्हणून हे एकदा-दोनदाच करायचे, आणि बाहेर आलेले पाणी बोगनवेलीच्या आळ्यात सोडायचे, तिला ते सोसते. पाण्यातले क्षार मोजणारे टीडीएस मीटर आता स्वस्तात मिळते. घातलेल्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा दुपटी-तिपटीहून जास्त असेल, तर धुण्याची वेळ झाली. कालव्याखालच्या काळ्या जमिनीत लावलेल्या झाडांना मात्र हा उपाय लागू नाही. तिथे आधी चर काढून निचरा करावा लागतो. मातीचे ढेकूळ पावसाच्या किंवा आरओच्या गोड पाण्यात, पेल्यात, न हलवता ठेवावे. पाणी तासन्‌तास गढूळच राहिले तर सोडियमने माती फुटते आहे, ती चोपणाकडे निघाली आहे. अशा जागी जिप्सम उपयोगी पडते, तेही निचरा असेल तरच. शंका उरली तर शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. नुसती माती तपासणे म्हणजे आजार्‍याची नाडी पाहून त्याच्या ताटाकडे दुर्लक्ष करणे.

बाकीची शुश्रूषा सोपी आहे. उसाचे पाचट या भागात मुबलक. आळ्यात आणि कुंडीत त्याचा तीन-चार बोटे जाड थर दिला की बाष्पीभवन घटते, म्हणजे पाणी कमी लागते, म्हणजे क्षारही कमी येतात; शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या या वस्तूला फुलबागेत तोड नाही. काळी प्लॅस्टिकची कुंडी बाहेरून चुन्याने पांढरी करावी. दुपारी बारानंतर सावली पडेल असे निम्मे ऊन अडवणारे शेडनेट बांधावे. पाणी सकाळी लवकर, मुळाशी. भर उन्हात पानावर पडलेला पाण्याचा थेंब भिंगासारखा पान जाळतो, ही समजूत बऱ्याच अंशी खोटी आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये ती तपासली, तेव्हा गुळगुळीत पानांवर असे काही घडले नाही, लव असलेल्या पानांवर तेवढी शक्यता दिसली. मात्र उन्हात पडलेल्या काळ्या नळीतले पहिले पाणी हाताला पोळते, ते मुळालाही पोळते. ते आधी सोडून द्यावे. लोहासाठी हिराकशीचे लिटरला पाच ग्रॅम द्रावण लिंबाच्या थोड्या रसासह संध्याकाळी पानांवर फवारावे, फुलांवर पडू देऊ नये. मातीत हिराकस टाकून इथल्या चुनखडीच्या जमिनीत फारसा उपयोग नाही. ती पुन्हा कोठारात जाऊन बसते. खत थांबवावे. छाटणी थांबवावी. कुंडी बदलणे थांबवावे. आजारी झाडावरच्या कळ्या मात्र मनावर दगड ठेवून खुडाव्यात.

उरलेले काम वळीव आणि मृग करतात, आपण आडवे आलो नाही तर. तीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे इथला जवळपास वर्षभराचा पाऊस, तर तिला सुमारे ३५ लिटर अगदी मऊ पाणी मिळते; एकदा धुऊन निघायला तेवढे पुरते. पत्र्याखाली, गॅलरीत, छज्ज्याखाली ठेवलेल्या कुंडीला त्यातला थेंबही मिळत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या उघड्यावर काढा, आणि बश्या आत ठेवून द्या.